कपाटाची किल्ली माझ्याकडे

गुरुवार, ११ जानेवारी

आज मला बाहेर बसवलं. मला! ज्या इस्पितळात मी उभी हयात काढली, जिथल्या फरशीचा कुठला तुकडा पायाखाली हलतो हे मला डोळे मिटून सांगता येईल, तिथे एका पोरीने माझ्यासमोर दार लोटलं आणि म्हणाली, "सिस्टर, पहिला तास फक्त पेशंटचा असतो. तुम्ही बाकावर बसा ना, मी चहा पाठवते."

ही पोरगी म्हणजे आमची चिमणी. माझ्या हाताखाली शिकायला आली तेव्हा बोलायची कमी आणि चिवचिवायची जास्त, म्हणून मीच हे नाव ठेवलं. इंजेक्शन देताना पेशंटपेक्षा हीच जास्त थरथरायची. आता छातीच्या विभागात नर्स झाली आहे आणि फुप्फुसांचे जुने रोगी गोळा करून त्यांचा वर्ग घेते. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच.

वर्ग कसला, तर पेशंटने आपला आजार आपणच सांभाळायला शिकायचं. मग आम्ही काय इतकी वर्षं वॉर्डात पत्ते पिसत होतो? आमच्या पेंटरांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, फुप्फुसं गाड्यांवर रंगाचे फवारे मारून मारून आणि वर सिगारेटी ओढून कामातून गेली. सिगारेट सुटली, पण गेलेलं फुप्फुस काही परत येत नाही. जे उरलंय ते मी सांभाळते. पंप कधी ओढायचा, वाफ कधी घ्यायची, कुठली गोळी उपाशीपोटी चालत नाही, सगळं माझ्या डोक्यात. गेल्या हिवाळ्यात ते आडवे झाले तेव्हा मी होते म्हणून इस्पितळात पोचले. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर तसं म्हणाले होते.

तासाभराने पेंटर बाहेर आले ते शाळेत पहिला नंबर आल्यासारखे. हातात तीन रंगांचा एक कागद आणि गोळ्यांचं पाकीट. हिरवा म्हणजे नेहमीसारखा दिवस. पिवळा म्हणजे दम नेहमीपेक्षा जास्त, कफ वाढलेला किंवा त्याचा रंग बदललेला. त्या दिवशी पाकिटातल्या गोळ्या आपल्या आपण सुरू करायच्या आणि चिमणीला फोन करून कळवायचं. लाल म्हणजे बसल्या जागी दम, तोंडातून वाक्य पुरं निघत नाही. तेव्हा सरळ अॅम्ब्युलन्स.

"आणि आज कुठला रंग हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"मी," पेंटर म्हणाले.

मला हसूच आलं. हा माणूस वरणात मीठ कमी आहे का हेसुद्धा माझ्याकडे बघून ठरवतो.

घरी आल्यावर पाकीट औषधांच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मी निवृत्त झाले तेव्हा पेंटरांनीच हे कपाट स्वयंपाकघरात बसवून दिलं, वॉर्डातल्यासारखंच, पांढरंशुभ्र. किल्ली माझ्या गळ्यात असते. त्या काही खोकल्याच्या साध्या गोळ्या नव्हेत. वेळ नसताना घेतल्या तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

"चिमणी म्हणाली होती, हाताशी ठेवा," पेंटर म्हणाले.

"आहेत की हाताशी. माझ्या."


शनिवार, २० जानेवारी

पेंटरांना कागदावरचा पिवळा पसंत पडला नाही. "हा पिवळा नाही, हा आजारी पडलेला केशरी आहे," म्हणाले. सकाळपासून माळ्यावरचे जुने डबे काढून बसले आणि खिडकीजवळ त्यांची खुर्ची असते तिथे भिंतीवर तळहाताएवढे तीन ठिपके रंगवले. हिरवा, पिवळा, लाल. गाडीचं दार रंगवावं तसे गुळगुळीत. रोज सकाळी उठून त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. भिंतीची शोभा गेली ती गेली, वर मला विचारतात, "सिस्टर, फिनिशिंग कसं आहे?" मी म्हटलं, "वासाने दम लागला तर मला सांगू नका." पण फिनिशिंग चांगलं होतं.

एक मात्र खरं सांगायला हवं. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा, जिना चढताना टप्प्यावर थांबायचं, हे चिमणीने नीट शिकवलंय. पूर्वी पेंटर जिन्याला घाबरून घराबाहेर पडत नसत. आता रोज खाली शिंप्याच्या दुकानात जाऊन बसतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि आमच्या पेंटरांची शिंप्याच्या दुकानापर्यंत. हा शिंपी आमच्या इमारतीत तळमजल्यावर असतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलंबाळं नाहीत, दिवसभर मशीन चालवतो आणि कोणी समोर बसलं तर बसू देतो. मला वहिनी म्हणतो. माणूस सरळ आहे. निदान आजपर्यंत तरी माझं तसंच मत आहे.


सोमवार, २९ जानेवारी

आज उठल्याउठल्या पेंटरांनी पिवळ्यावर बोट ठेवलं.

मी स्टेथोस्कोप आणला. पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, श्वास धरायला लावला, सोडायला लावला. नेहमीपेक्षा काही वेगळं नाही. ताप नाही.

"तुम्हाला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"कफाचा रंग बदललाय."

"दाखवा."

"बेसिनमध्ये टाकला."

"मग मी कशावरून धरू? पेशंट सांगतो ते ऐकायचं असतं, पण लिहायचं ते जे आपल्याला दिसतं. वॉर्डात आम्ही हेच करत आलो."

"हा वॉर्ड नाही," ते म्हणाले. मग हात पुढे करून, "किल्ली दे."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे ती किल्ली कधी मागितली नव्हती. मला राग नाही आला, मला लहान मुलाने सुरी मागितल्यासारखं वाटलं. मी वाफ दिली, छातीला गरम शेक दिला, म्हटलं संध्याकाळी परत बघू. संध्याकाळीही छाती तशीच होती. चार दिवस वर्गाला गेले नाहीत तोवर माणूस डॉक्टर झाला!


बुधवार, ३१ जानेवारी

पेंटर रुसलेत. कारण काय, तर मी गोळ्या दिल्या नाहीत. जेवण अर्धं टाकतात. खाली जात नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून पुढे वाकून बसून राहतात, बोलवलं तर मान हलवतात, तोंड उघडत नाहीत. काल तर अंथरुणात न येता खुर्चीत बसूनच झोपले. इतका हट्टीपणा बरा नव्हे. छाती आज पुन्हा तपासली, ठीक आहे. उद्या वर्गाला जाऊ नका म्हटलं तर नुसतं बोटाने खालच्या मजल्याकडे दाखवलं. म्हणजे शिंपी घेऊन जाणार. बरं. मला तरी कुठे त्या बाकावर बसायची हौस आहे.


गुरुवार, १ फेब्रुवारी

शिंप्याने दुकान बंद ठेवून यांना वर्गाला नेलं. परत आल्यावर दोघं बराच वेळ दुकानातच होते. वर आले ते गप्प, पण तोंडावरचा रुसवा गेलेला. मी विचारलं, "काय म्हणाली तुमची चिमणी?" म्हणाले, "काही नाही. श्वासाचे प्रकार."


रविवार, ११ फेब्रुवारी

बघा, एकही गोळी न घेता बरे झाले की नाही! परवापासून जिना उतरतात, दोन वेळा पोटभर जेवतात. हेच जर मी त्या दिवशी घाबरून पाकीट फोडलं असतं तर? औषध देणं सोपं असतं, न देण्याला अनुभव लागतो. हे मी आज लेकीला फोनवर सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, बाबांना दे ना फोन."

बाबांनी फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. बापलेकीचं काय गुळपीठ असतं देव जाणे.


गुरुवार, २२ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. घरात शांतता आहे. पेंटर आता पिवळ्याचं नाव काढत नाहीत. मी विचारायच्या आत भिंतीकडे जाऊन ओरडतात, "हिरवा, सिस्टर!" शिस्त लावली की लागते. मध्ये एक-दोन दिवस चेहरा उतरलेला वाटला होता, पण तेव्हाही हिरवाच म्हणाले आणि छातीही स्वच्छ होती. आणि भूक! या आठवड्यात तर मध्येच उठून डबे उघडून बघतात. गालही जरा भरल्यासारखे दिसतात. म्हटलं, "माझ्या हाताला चव आली वाटतं म्हातारपणी." तर खाली मान घालून हसले.


गुरुवार, ७ मार्च

लिहायला हात चालत नाही, पण लिहिते.

आज वर्गात घरच्यांना बोलावलं होतं. मी ठेवणीतले कपडे घालून गेले. खुर्च्या गोल मांडलेल्या. चिमणी एकेका पेशंटला उभं करून त्याचं कौतुक करत होती. आमच्या पेंटरांपाशी आली आणि म्हणाली, "यांच्याकडून सगळ्यांनी शिका. दोन वेळा पिवळे दिवस आले. दोन्ही वेळा यांनी वेळेत ओळखलं, गोळ्या सुरू केल्या, मला फोन केला. इस्पितळाची पायरी चढावी लागली नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. हात थांबले तेव्हा माझं डोकं चालू झालं.

दोन वेळा? कुठल्या गोळ्या? पाकीट माझ्या कुलपात होतं, न फोडलेलं, काल रात्रीच पुसून जागेवर ठेवलं होतं. मी पेंटरांकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते. चिमणीने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की ती काय बोलून बसली. तिचा चेहरा पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी झाला होता तसा झाला.

चारचौघांत तोंडात मारावी तसं झालं. भूक वाढली, गाल भरले, हे त्या गोळ्यांनी होतं हे मी शिकाऊ पोरींना शिकवत आले आणि स्वतःच्या घरात मला वाटलं माझ्या हाताला चव आली!


शुक्रवार, ८ मार्च

सकाळी पहिली शिंप्याच्या दुकानात गेले. "भाऊजी, काढा."

त्याने काय म्हणूनसुद्धा विचारलं नाही. बटणांचा डबा उघडला, खालून पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. नवं पाकीट, पुढच्या वेळेसाठी तयार ठेवलेलं.

"वहिनी, मला त्यातलं काही कळत नाही. त्यांनी ठेव म्हटलं, मी ठेवलं."

"आणि मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. पण त्यांनी नको म्हटलं."

तिथून तशीच इस्पितळात गेले. चिमणी मला बघून उभी राहिली, ते वळण अजून आहे. मी म्हटलं, "केसाने गळा कापलास माझा. गुरूची विद्या गुरूलाच फळली."

ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. "सिस्टर, ते आले तेव्हा त्यांच्याने चार शब्द बोलवत नव्हते. गोळ्या घेतल्या का विचारलं, तर म्हणाले, कुलपात आहेत. मी म्हटलं सिस्टरशी बोलते. ते नको म्हणाले. पेशंट नको म्हणाला तर घरच्यांनाही सांगायचं नाही, हे मला कोणी शिकवलं?"

"तो पेशंट नाही, माझा नवरा आहे!"

"तेच तर, सिस्टर," चिमणी म्हणाली.

आगाऊ कार्टी. मी तशीच निघून आले.

दुपारी लेकीला फोन केला. तिलाही ठाऊक होतं. पहिल्यापासून. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करू? शिंप्याला ठाऊक, चिमणीला ठाऊक, लेकीला ठाऊक. ज्याच्या उशाशी मी इतकी वर्षं जागले, त्याच्या छातीत काय चाललंय हे सगळ्या जगाला ठाऊक, फक्त मला नाही.

शेवटी पेंटरांना विचारलं. ते खुर्चीत होते. मी पुढ्यात उभी राहिले.

"रोज सकाळी माझ्या तोंडावर हिरवा म्हणत होतात. लाज नाही वाटली?"

"वाटली."

"मग?"

"मी तुला आधी सांगितलं होतं ना," ते म्हणाले. "पिवळा म्हटलं. किल्ली मागितली."

"मी तपासलं होतं तुम्हाला!"

"हो," ते म्हणाले. "तपासलं होतंस."

एवढंच. ते उठून गॅलरीत गेले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. खोटं कशाला लिहू, पोटभर रडले. सिगारेट लपवायचे तेव्हासुद्धा मला इतकं लागलं नव्हतं. सिगारेट तलफेपायी लपवली, हे मात्र माझ्यापासूनच लपवलं.


शनिवार, ९ मार्च

आज मी स्वतःहून बोलले. भांडण किती दिवस ओढणार? म्हटलं, "अहो, झालं ते झालं. यापुढे दोघांनी मिळून करू. तुम्ही मला खरं सांगायचं, मी तपासायचं, आणि मग ठरवायचं." दोन्ही पाकिटं कपाटात एकाशेजारी एक ठेवली आणि कुलूप लावलं. चिमणीलाही फोन करून बजावलं की यापुढे जे द्यायचं ते माझ्या हातात द्यायचं. ती म्हणाली, "त्यांना विचारून सांगते." मी फोन ठेवला.

पेंटर "बरं" म्हणाले. वाद नाही, किल्लीचं नाव नाही. इतक्या लवकर बरं म्हणाले त्याने जीव जरा भांड्यात पडला. तरी विश्वास एकदा उडाला की तो पाखरासारखा हाक मारून परत येत नाही. जेवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते.


मंगळवार, १९ मार्च

हिरवा म्हणाले. तरी मी तपासलं. छाती स्वच्छ. तसं पिवळा-हिरवा काय म्हणतात त्यावर आता माझी मदार नाही, आपले कान शाबूत आहेत.

दुपारी मी बाजारातून आले तर पेंटर स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलेले, हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर घाम. म्हणाले कपाटाचं दार करकरतं, बिजागरी घट्ट करतो. चार स्क्रूंना किती वेळ लावला! मध्ये मध्ये ओठांचा चंबू करून बसत होते. पण घरात काहीतरी हातपाय हलवतात हेही नसे थोडके. मी चहा करून दिला. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र बसून चहा प्यायलो, आणि मला वाटलं, हळूहळू सगळं जागेवर येईल.


गुरुवार, २१ मार्च

दुपारी मी आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते. पेंटर बाहेर त्यांच्या खुर्चीत. मध्ये फक्त एक पडदा. दारावरची बेल वाजली. उघडलं तर शिंपी, गळ्यात मोजायची टेप, धावत आल्यामुळे त्यालाच धाप लागलेली.

"काय झालं भाऊजी?"

"त्यांनी बोलावलंय."

"कोणी?"

तो माझ्या बाजूने आत गेला. पेंटर पुढे वाकून बसले होते, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले, ओठ जांभळट. भिंतीवर हात टेकलेला होता आणि बोट लालवर होतं. मांडीवर फोन. नंतर शिंप्याने सांगितलं की बोलता येणार नाही अशी वेळ आली तर नुसती रिंग द्यायची असं त्यांचं ठरलेलं होतं. माझ्यापासून दहा पावलांवर होते. "अगं" म्हणायला दम नव्हता हे समजू शकते मी. पण चमचा वाजवता आला असता, ग्लास खाली टाकता आला असता. त्यांनी फोन उचलला आणि दोन जिने खालच्या माणसाला बोलावलं.

शिंप्याला काहीही येत नव्हतं. त्याने पंप नळीला उलटा लावला. पेंटरांनी बोटाने फिरवून दाखवलं. त्याने तो हलवलाच नाही. पेंटरांनी हात हलवून दाखवलं. बोट जाईल तसं तो करत होता. पंप दे, दिला. पंखा तोंडाकडे कर, केला. थांब, थांबला. मी म्हटलं, "बाजूला व्हा भाऊजी, मला बघू द्या," आणि स्टेथोस्कोप आणायला आत पळाले. परत आले तोवर पेंटरांच्या खुणेवरून त्याने अॅम्ब्युलन्सला फोन लावलेला होता आणि पत्ता सांगत होता. मी तिथेच उभी राहिले, हातात स्टेथोस्कोप घेऊन. मला कोणी काही विचारलं नाही.

इस्पितळात जुनी माणसं मला ओळखतात. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने सवयीने माझ्याकडेच वळून विचारलं, "सिस्टर, कधीपासून?"

"आजच दुपारी. मंगळवारी मी तपासलं तेव्हा छाती स्वच्छ होती."

मास्कमागून पेंटरांनी बोट वर केलं. नाही, नाही असं हलवलं. डॉक्टर त्यांच्याकडे वाकला.

"सोमवार... पासून... पिवळा," पेंटर म्हणाले. "मंगळवारी... गोळ्या... सुरू. चिमणीला... फोन."

"कुठल्या गोळ्या?" मी म्हटलं. "दोन्ही पाकिटं कुलपात आहेत. किल्ली ही इथे आहे, माझ्या गळ्यात!"

पेंटरांनी माझ्याकडे पाहिलं. "कुलूप... तू लावतेस. कपाट... मी... बसवलंय."

डॉक्टरला हसू फुटलं आणि माझा चेहरा बघून जिरलं. शिंपी छताकडे बघत होता. मला तो मंगळवारचा स्क्रूड्रायव्हर आठवला, कपाळावरचा घाम आठवला, आणि वर मी करून दिलेला चहा. दम लागलेला माणूस स्टुलावर बसून बिजागरीचे स्क्रू काढत होता, कारण बायकोकडे दोन गोळ्या मागण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटलं.

डॉक्टरने तपासलं, रक्त पाठवलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "दोन दिवस आधी गोळ्या सुरू झाल्या हे फार बरं झालं सिस्टर. नाहीतर आज यांना श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागलं असतं. आता चार-पाच दिवसांत घरी जातील."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. त्यांनी मला फसवलं, हे खरं. फसवलं म्हणून आज ते मशीनवर नाहीत, हेही खरं. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून मी बघत बसले आहे. दोन्हींपैकी एकही मला खोडता येत नाही, आणि पहिलं वाक्य दुसऱ्याने जराही हलकं होत नाही.

संध्याकाळी त्यांना वॉर्डात हलवलं. माझाच जुना वॉर्ड. भिंतींचा रंग बदललाय, सिस्टर नवी आहे, मला ओळखत नाही. ती म्हणाली, पेशंटजवळ एकच माणूस थांबेल. हा नियम त्या वॉर्डात मीच आणला होता. मी पिशवी खाली ठेवली आणि स्टूल ओढलं.

"कोण थांबणार, आजोबा?" तिने पेंटरांना विचारलं. मला नाही, त्यांना. हल्ली तसंच शिकवतात.

पेंटरांनी शिंप्याकडे बोट दाखवलं.

"वहिनी, मी खाली थांबतो, तुम्ही इथे..." शिंपी कसनुसा होऊन म्हणाला. पेंटरांनी त्याची बाही धरली. मी म्हटलं, "अहो, मी या वॉर्डात जन्म काढलाय. त्यांना काय येतं?"

त्यांनी मास्क जरासा बाजूला केला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

"तू... तपासत... बसशील," ते म्हणाले. "तो... नुसता... बसतो."

शिंपी स्टुलावर बसला. खरंच नुसता बसला, हात मांडीवर ठेवून. पेंटरांनी डोळे मिटले. मी त्यांच्या छातीकडे बघत उभी होते, ती खालीवर होत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यावरून काहीही सांगता येईना.

"मावशी, भेटायची वेळ संपली," सिस्टर म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मी निघाले.